अमेरिकेत फेडरल नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारीचं अपील ईईओसीकडे (नोकरीतला भेदभाव बघणाऱ्या फेडरल आयोगाकडे) पडून आहे, निकालाची वाट न बघता कोर्टात जाता येतं का?

हो, जाता येतं. तुम्ही लिहिलंय की प्रमोशनमध्ये डावललं म्हणून तक्रार केली, एजन्सीने, म्हणजे तुमच्याच सरकारी खात्याने, भेदभाव सिद्ध होत नाही म्हणत ती निकालात काढली, मग ईईओसीकडे अपील टाकलं आणि आता आठ महिने झाले तरी तिकडून हूं की चूं नाही. अपील टाकल्यापासून 180 दिवस उलटले आणि निकाल आला नसेल तर सरळ फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात केस टाकता येते, कोणाची परवानगी लागत नाही, ते वेगळं राइट टू सू लेटर (केस टाकायची मुभा देणारं ईईओसीचं पत्र) पण लागत नाही, ते प्रायव्हेट नोकरीवाल्यांसाठी असतं. ग्रुपवर लोक दोन्हीची खिचडी करून सल्ले देतात, तिकडे कान देऊ नका. मी वकील नाहीये, फेडरल नोकरीत आहे आणि या सगळ्यातून गेलेय, तेवढंच धरून वाचा.

आता मुख्य गोष्ट. केस दाखल झाली की ईईओसी तुमचं अपील तिथेच बंद करते. दोन दगडांवर पाय ठेवता येत नाही. आणि कोर्ट एजन्सीच्या निकालात काय चुकलं ते तपासत बसत नाही, सगळं पहिल्यापासून होतं. चँडलर विरुद्ध रूडबुश म्हणून 1976 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, फेडरल कर्मचाऱ्यालाही प्रायव्हेटवाल्यासारखाच पूर्ण नव्याने खटला चालवून मिळायला हवा असं त्यात ठरलं. तुमच्या विरोधात निकाल गेलाय म्हणजे तुम्हाला हे सोयीचंच. ज्याच्या बाजूने निकाल लागलाय आणि फक्त पैसे कमी वाटतायत त्याने मात्र दहादा विचार करावा, कारण बऱ्याच सर्किटमध्ये (फेडरल अपील कोर्टांच्या विभागांमध्ये) नुसती भरपाई वाढवून मागता येत नाही, भेदभाव झाला हेच परत सिद्ध करायला लागतं.

तुम्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह जजसमोर (ईईओसीच्या सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर) हिअरिंग घेतलं होतं का ते लिहिलं नाहीये. घेतलं नसेल तर कोर्टात जायला मोठं कारण आहे, कारण तपासाच्या फाइलमध्ये साहेब लोकांची नुसती शपथपत्रं असतात आणि त्यांना उलट प्रश्न कोणी विचारलेला नसतो. माझ्या फाइलमध्ये दोन साहेबांची उत्तरं जवळजवळ शब्दाला शब्द सारखी होती, ईईओसीकडेही तेच कागद गेले. कोर्टाच्या केसमध्ये डिपोझिशन (खटल्याआधी शपथेवर घेतलेली उलटतपासणी) झालं तेव्हा माझ्या वकीलबाईंनी इंटरव्ह्यूची स्कोअरशीट टेबलावर ठेवली आणि एवढंच विचारलं की हा 7 खोडून 4 केलाय ते अक्षर कोणाचं. त्यानंतर साहेबांचं बऱ्याच वेळ पाणी पिणं चाललं होतं. पुढे सेटलमेंट झाली, त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही.

मुदतीचं नीट समजून घ्या. 180 दिवस ही लवकरात लवकर जाण्याची तारीख आहे, शेवटची नाही, अपील लटकलेलं असेपर्यंत तुम्ही थांबू शकता. पण निकाल हातात पडला की 90 दिवस सुरू, आणि तिथे कोर्टं फार कडक आहेत. 1990 च्या अर्विन केसमध्ये पत्र वकिलाच्या ऑफिसात आलं तेव्हा वकील परदेशात होता, तेव्हा मुदत 30 दिवसांची होती, ऑफिसात पत्र आल्यापासून 44 व्या दिवशी केस टाकली आणि सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊनही ती गेलीच. टपालाने येणाऱ्या निकालात पाठवल्यापासून 5 दिवसांत मिळाला असं गृहीत धरल्याचं लिहिलेलं असतं, तरी ते 5 दिवस सोडून द्या आणि निकालावरच्या तारखेपासूनच मोजा.

केस टाकताना प्रतिवादी म्हणून एजन्सीच्या प्रमुखाचं नाव पदासकट घालायचं, तुमच्या सुपरवायझरचं नाही, कितीही राग असला तरी. फी 405 डॉलर, परवडत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो. वकील नसेल तर कोर्टाकडे मागता येतो, पण देतीलच असं नाही, म्हणून त्या भरवशावर 90 दिवस घालवू नका. मूळ तक्रारीत जे मुद्दे होते साधारण तेवढेच कोर्ट ऐकतं, नंतर सुचलेलं नवीन काही घुसडलं तर सरकारी वकील पहिल्याच अर्जात ते उडवायला बघतात. पैशाचं म्हणाल तर मानसिक त्रासाच्या वगैरे भरपाईला 3 लाख डॉलरची मर्यादा आहे, बुडालेला पगार त्याच्या बाहेर, आणि सरकारविरुद्ध दंडात्मक भरपाई मिळत नाही. तक्रार वयाच्या भेदभावाची असेल तर ज्युरी पण नाही.

समन्स तीन ठिकाणी पोचवावं लागतं, केस टाकली त्या फेडरल डिस्ट्रिक्टचं यूएस अ‍ॅटर्नी ऑफिस (सरकारी वकिलांचं), वॉशिंग्टनला अ‍ॅटर्नी जनरल आणि एजन्सी, त्यातलं एक राहिलं की सरकारी वकील तेच धरून बसतात. उत्तर द्यायला सरकारला 60 दिवस मिळतात, तेव्हा दोन महिने काहीच आलं नाही म्हणून घाबरू नका, आणि तोवर ऑफिसचे ईमेल घरच्या अकाउंटवर फॉरवर्ड करत बसू नका, त्यावरूनच तुमच्यावर वेगळी कारवाई लागू शकते.