भट्टीजवळच्या ड्राइव्हसाठी सुट्या पॅनेलची उष्णतारोधक पेटी करायची आहे; इन्सुलेशन ५० मिमी घालावं की १००?

तुम्ही लिहिलंय की भट्टीपासून दीड मीटरवर १५ किलोवॅटचा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) आहे, आसपासची हवा ८० अंशांपर्यंत जाते, तो सारखा ट्रिप होतो आणि त्याच्याभोवती एक मीटर लांबी-रुंदी-उंचीची, खोलता-जोडता येणारी पेटी हवी आहे. ५० मिमी घाला आणि जाडीचा विषय सोडून द्या. घोळ दुसरीकडे आहे.

माझी पहिली पेटी मी १०० मिमी सिरॅमिक फायबर घालून केली होती. एकूण एक फट बुजवली, दाराला दुहेरी गॅस्केट. काम बघून सगळे खूश. ड्राइव्ह मात्र दुसऱ्याच दिवशी पूर्वीपेक्षा लवकर ट्रिप झाला. भट्टीची उष्णता मी बाहेर अडवली होती, पण ड्राइव्हची स्वतःची आत कोंडली होती. आगीतून फुफाट्यात.

तुमचाच हिशेब करू. पेटीचा पृष्ठभाग ६ चौरस मीटर. बाहेर ८०, आत ४० ठेवायचं आहे. ५० मिमी रॉकवूलमधून (दगडाच्या तंतूंची लोकर), सांधे आणि बोल्ट धरून, साधारण २५० वॅट आत येतील. १०० मिमी घातलं तर १४०च्या आसपास. आता ड्राइव्ह बघा: त्याचा लॉस, म्हणजे उष्णता होऊन वाया जाणारी वीज, ३ टक्के धरला तरी ४५० वॅट, आणि ते थेट पेटीच्या आत. म्हणजे दुप्पट इन्सुलेशन घालून तुम्ही ७०० वॅटचे ५९० केले. ते बाहेर काढावे लागणारच.

ते काढते हवा. ३० अंशांची हवा आत सोडून ती ४०ला बाहेर पडू द्यायची, तर ७०० वॅटसाठी ताशी सुमारे २२० घनमीटर लागते. ५९०साठी १८०. दोन्हीला जवळजवळ तोच पंखा. पण आत येणारी हवाच ३५ची असेल तर वाढीला जागा ५ अंशांची उरते आणि लागणारी हवा दुप्पट होते. म्हणून पैसे जाडीवर घालवू नका, हवा कुठून आणता त्यावर घाला. लांबून, गार बाजूने डक्ट आणा आणि डक्टवरही इन्सुलेशन चढवा, नाहीतर हवा वाटेतच तापते. पंखा गार टोकाला ठेवा, तिथूनच फिल्टरमधून आत ढकलू द्या. आत दाब राहिला की धूळ फटींतून शिरत नाही. हवा खालून आत, वरून बाहेर. आणि पेटीत एक थर्मोस्टॅट लावून अलार्म जोडाच. पंखा बंद पडला तर हीच पेटी ड्राइव्ह भाजून काढेल, आणि बाहेरून कुणाला पत्ताही लागणार नाही.

पॅनेल एसीचा मोह होईल. बहुतेक पॅनेल एसी ५०-५५ अंशांच्या बाहेरच्या हवेपर्यंतच चालतात, तुमच्या ८० मध्ये त्यांचा उपयोग नाही. व्होर्टेक्स ट्यूब (कॉम्प्रेस्ड हवेतून गार हवा वेगळी काढणारी नळी) चालते, पण कॉम्प्रेस्ड हवा अधाशासारखी पिते.

आता धग. भट्टीकडे तोंड करून उभे राहा आणि चेहऱ्यासमोर पुठ्ठा धरा. झळ लगेच थांबली तर ती हवेची नाही, किरणांची आहे. ८०० अंशांचं उघडं तोंड दर चौरस मीटरला ७५ किलोवॅटपर्यंत उष्णता फेकू शकतं. असं तोंड पेटीला दिसत असेल तर वरचा सगळा हिशेब फसला, कारण भट्टीकडचा पत्रा ८०च्या कितीतरी वर जाईल. उपाय साधा आहे: त्या बाजूला ५० मिमी अंतर सोडून एक चकचकीत पत्रा उभा करा, वर-खाली उघडा, म्हणजे मधली हवा आपोआप वर वाहते. तो अधूनमधून पुसत जा. धूळ बसलेला पत्रा काळ्या पत्र्यासारखाच वागतो.

सुट्या पॅनेलचं काम फॅब्रिकेटरला नीट समजावून सांगा. दोन्हीकडे १ मिमी पत्रा, मध्ये ५० मिमी रॉकवूल, आकार १ मीटर बाय अर्धा. वजन दहा-बारा किलो भरतं, एका माणसाला काढता येतं. शेजारचं न काढता कुठलंही पॅनेल निघालं पाहिजे, नाहीतर मॉड्युलर हे नुसतं नाव. सांधा सरळ समोरासमोर नको, पायरीचा घ्या. आतला आणि बाहेरचा पत्रा आरपार बोल्टने जोडू नका. जोडावाच लागला तर स्टेनलेसचा बोल्ट घ्या, तो साध्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांशच उष्णता वाहतो. भोकं लांबट ठेवा: एक मीटरचा स्टेनलेस पत्रा २०० अंशांनी तापला तर सुमारे साडेतीन मिमी वाढतो, आणि जागा मिळाली नाही की पोट काढतो. मी एकदा सगळे बोल्ट आवळून बसवले होते, महिन्याभरात दार लागेना.

सिरॅमिक फायबर मात्र घेऊ नका. १२६० अंश सोसणारा माल ८० अंशांच्या हवेत कशाला? त्याचे धागे श्वासातून आत जाणं चांगलं नाही, आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) त्याला संभाव्य कर्करोगकारकांच्या २ब गटात ठेवलंय. रॉकवूल कापतानाही मास्क लावाच.

आणि जे आधीच विचारायला हवं होतं ते: ड्राइव्ह तिथेच का हवा? मोटर भट्टीजवळ असणं समजतं. ड्राइव्ह भिंतीपलीकडच्या गार खोलीत नेऊन केबल लांब करता येते का, ते मॅन्युअलमध्ये बघा; केबलच्या लांबीची मर्यादा आणि गरज पडल्यास आउटपुट चोक (ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये बसवायची कॉइल) लावायची सूचना तिथे दिलेली असते. जमत असेल तर पेटीचं ड्रॉइंग बाजूला ठेवा.