अचलाने घटस्फोट का घेतला नाही?

प्रश्न : नाशिकच्या गंगापूर रोडच्या आम्ही नऊ जणी महिन्याला एक पुस्तक वाचतो. या वेळी विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी होती. नवऱ्यापासून वेगळी राहणारी अचला लग्नाशिवाय दुसऱ्या पुरुषाच्या सोबतीचा विचार करते, तिथेच गाडी अडली. "आधी रीतसर घटस्फोट घ्यायचा ना!" असं निम्म्या जणींचं म्हणणं. आवाज चढले. पुढची बैठक कशी घ्यावी?

उत्तर : जिथे अडलात तिथूनच सुरुवात करा. कादंबरी १९३४ ची आहे. तेव्हा मुंबई इलाख्यात हिंदू स्त्रीला घटस्फोट मिळवून देणारा सर्वसाधारण कायदाच नव्हता. काही जातींत काडीमोडीची रूढी होती, पांढरपेशा घरांत तीही नाही. इलाख्याचा घटस्फोट कायदा १९४७ चा, हिंदू विवाह कायदा १९५५ चा. नवऱ्याला मात्र १९४६ पर्यंत पहिली बायको असताना दुसरी करता येत होती. या चार तारखा बैठकीच्या आधीच सगळ्यांना कळवा, निम्मा वाद तिथेच मिटेल. स्वतः लेखिकाही टोपणनाव घेऊन लिहीत होत्या. त्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर.

चर्चा बिघडते ती "तिचं चुकलं का?" या प्रश्नाने. त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं आणि मग बाजू घेतल्या जातात. त्याऐवजी विचारा : या प्रसंगात तिच्यापुढे कोणते मार्ग होते आणि प्रत्येक कुणी अडवला? कागदावर चार रकाने आखा : कायदा, पैसा, नातेवाईक, तिचं स्वतःचं मन. चौथ्या रकान्याला निदान वीस मिनिटं द्या. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य बाहेरच्यांनी म्हणण्याआधीच तिच्या मनात कुठे उमटतं, हे शोधण्यात या कादंबरीचं खरं वाचन आहे.

प्रत्येकीने एक उतारा आणावा, आधी मोठ्याने वाचावा, मगच मत द्यावं. तीन-तीन मिनिटं धरली तर नऊ जणींची सत्तावीस होतात. आवृत्तीगणिक पानं बदलतात, म्हणून प्रकरण आणि उताऱ्याचे पहिले चार शब्द टिपून आणायला सांगा. स्वतःच्या संसाराचं बोलणं शेवटच्या अर्ध्या तासात, तेही जिची इच्छा असेल तिनेच. आधी निघालं तर अचला राहते बाजूला आणि आपल्याच कॉलनीतल्या बाईची चर्चा सुरू होते.

प्रश्न : यानंतर काय वाचावं?

उत्तर : कविता महाजन यांची 'ब्र' (२००५). इथे कायदा बाईच्या बाजूने आहे : १९९३ पासून पंचायतींत निदान एकतृतीयांश जागा बायकांसाठी राखीव, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. तरी निवडून आलेल्या बाईला बोलू दिलं जात नाही. दिंडोरी किंवा इगतपुरीकडची एखादी आजी-माजी महिला सदस्य ओळखीत असेल तर तिलाही बोलवा, फक्त पुस्तक पंधरा दिवस आधी तिच्या हाती द्या. तेच चार रकाने पुन्हा आखा आणि मागचा कागद शेजारी ठेवा. पहिला रकाना या वेळी बराचसा रिकामा राहील, तिसरा भरून वाहील.