युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी युद्धकाळात जगाचा पाठिंबा नेमका कसा मिळवला?

खरं काम भाषणांच्या रचनेत होतं. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि मार्चभर झेलेन्स्की कीव्हमधून व्हिडिओद्वारे एकेका देशाच्या संसदेत बोलत राहिले. प्रत्येक ठिकाणी त्या देशाचीच जखम पुढे ठेवली. 16 मार्चला अमेरिकी काँग्रेससमोर पर्ल हार्बर (1941 चा जपानी हल्ला) आणि 11 सप्टेंबर. दुसऱ्याच दिवशी जर्मन संसदेत बर्लिनच्या भिंतीचा उल्लेख, आणि रशियातून जर्मनीत येणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम गॅसवाहिनीवरून थेट कानउघाडणी. जपानी संसदेत मात्र पर्ल हार्बर कटाक्षाने टाळून अणुकेंद्रांचा धोका मांडला. शिवाय नुसती सहानुभूती कधीच मागितली नाही. विमानं, हवाई संरक्षण, निर्बंध अशी नेमकी मागणी असायची. नकार देणाऱ्याला मग तो उघडपणे द्यावा लागतो.

हे सगळीकडे जमलं असं नाही. इस्रायलच्या खासदारांपुढे होलोकॉस्टशी, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराशी, केलेली तुलना अनेकांना खटकली. ग्रीसच्या संसदेत अतिउजव्या मुळांमुळे वादग्रस्त ठरलेल्या युक्रेनच्या अझोव्ह तुकडीचा सैनिक पडद्यावर दाखवला, तर त्यावरूनच गदारोळ झाला आणि मूळ मुद्दा बाजूला पडला.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 2 मार्चला आक्रमणाविरोधी ठरावावर मतदान झालं: 141 देश युक्रेनच्या बाजूने, 5 विरोधात, 35 तटस्थ, त्यात भारतही. माझ्या मते खरी उणीव इथेच होती: आशिया-आफ्रिकेला युरोपच्या आठवणी नव्हे, धान्य आणि खताचे भाव भिडतात. जुलै 2022 चा युक्रेनचं धान्य जहाजांनी बाहेर जाऊ देणारा काळ्या समुद्रातला करार म्हणूनच इतका मोलाचा ठरला.