मानेतली गाठ कापण्याआधी ती कशावर आहे ते विचारा

प्रश्न : डॉक्टर, माझे मिस्टर ४४ वर्षांचे आहेत. केळीच्या कापणीला जातात, खांद्यावरून घड वाहून गाडीत भरतात. दोन वर्षांपासून त्यांच्या उजव्या बाजूला, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर एक गाठ आहे. आधी सुपारीएवढी होती, आता लिंबाएवढी झाली. घडाचा दांडा तिथे टेकला की अंगठ्यापर्यंत करंट जातो असं म्हणतात. आधी एका डॉक्टरांनी गंडमाळ समजून तपासणी न करताच टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. चार महिने घेतल्या, फरक नाही. दुसऱ्यांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं. जळगावला एमआरआय केला, त्यात ‘नर्व्ह शीथ ट्यूमर, सी ६ रूट’ असं लिहून आलं. सासूबाई म्हणतात, नसेला हात लावला की हात जातो, त्यापेक्षा मालिश करून बसवू. हा कॅन्सर आहे का? ओझं वाहून झालं का? हात राहील ना? पुढे हेच काम करता येईल का? घर त्यांच्याच हातावर चालतं.
— एक भगिनी, तालुका यावल

उत्तर : ताई, सगळ्यात आधी दोन गोष्टी. मालिश आजपासून बंद. आणि नसांच्या शस्त्रक्रियेतल्या माणसाने हा एमआरआय पाहीपर्यंत त्या गाठीत कोणी सुई घालायची नाही की ब्लेड लावायचं नाही.

इतकं निक्षून का सांगतो, ते माझ्याच हातून घडलेल्या गोष्टीवरून सांगतो. धुळ्याला शस्त्रक्रिया करायला लागून मला थोडीच वर्षं झाली होती. एक पंचविशीची बाई मानेत गाठ घेऊन आली. आपल्या भागात मानेतली गाठ म्हणजे पहिला संशय टीबीचा, आणि तो संशय चुकीचा नसतो. मीही तेच धरलं. जागा बधिर करून तुकडा काढायला घेतला. आत गुळगुळीत, पिवळसर पांढरी गाठ दिसली. चिमटा लागताच बाई किंचाळली आणि तिचा अख्खा हात टेबलावरून उडाला. तिथेच थांबायला हवं होतं. मी आणखी औषध टोचून तुकडा काढला. तपासणीत नसेची गाठ निघाली. चौथ्या दिवशी ती टाके दाखवायला आली तेव्हा म्हणाली, “भाऊ, मना हातमा जोर नई.” भाकरी थापायला गेली की मनगट लटकायचं, पीठ तळव्याखालून सरकायचं. पुढे मुंबईत तिच्या पोटरीतली एक नस काढून मानेत जोडली. त्यानंतरही मनगट वर उचलायला दीड वर्ष गेलं, आणि पूर्वीचा जोर काही आला नाही. म्हणून मानेच्या गाठीचं पत्र आलं की मी हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर लिहितो.

आता तुमच्या मिस्टरांच्या गाठीबद्दल. रिपोर्टमधलं ‘नर्व्ह शीथ ट्यूमर’ म्हणजे नसेच्या आवरणातली गाठ. नस म्हणजे इथे रक्ताची नस नव्हे, मज्जातंतू. मानेच्या आणि तिच्या लगेच खालच्या मणक्यांतून हातासाठी पाच मुळं निघतात : सी ५, सी ६, सी ७, सी ८ आणि टी १. ती गळ्याच्या हाडामागे एकमेकांत गुंफतात आणि त्यातून सगळ्या हाताच्या नसा तयार होतात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. सी ६ चं मूळ कोपर वाकवायला आणि मनगट उचलायला मदत करतं, अंगठ्याची संवेदनाही त्याच्याकडेच. गाठ दाबली की करंट नेमका अंगठ्यात जातो तो याचमुळे. अशी गाठ बोटांनी हलवली तर आडवी हलते, नसेच्या दिशेने वरखाली हलत नाही. पहिल्याच डॉक्टरांनी एवढं पाहून साधी सोनोग्राफी केली असती, तर गाठीच्या दोन्ही टोकांना शेपटीसारखी नस दिसली असती आणि चार महिन्यांच्या गोळ्या वाचल्या असत्या.

अशा गाठी बहुतेक वेळा दोन जातींच्या, श्वानोमा आणि न्यूरोफायब्रोमा. तुम्ही शेतातल्या आहात, म्हणून शेतातलंच उदाहरण देतो. श्वानोमा म्हणजे शेंगेतला तुरीचा दाणा. नसेचे धागे त्याच्या अंगावरून बाजूने गेलेले असतात. टरफल नीट उभं चिरलं की दाणा सुटून येतो, धागे जागेवर राहतात. न्यूरोफायब्रोमा म्हणजे कापसातली सरकी. धागे तिलाच चिकटलेले, एकेक सोडवावा लागतो आणि काही तुटतातही. नुसत्या एमआरआयवरून दोन्हींतला फरक दर वेळी सांगता येत नाही.

कॅन्सर आहे का? बहुतेक नाही. दोन वर्षांत सुपारीची लिंबाएवढी होणं ही सावकाश वाढ आहे, आणि या जागच्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण आज घरी एक काम करा. दिवसाउजेडी त्यांचं अंग तपासा. दुधाच्या चहाच्या रंगाचे सपाट डाग आहेत का? मोठ्या माणसात १५ मिलिमीटरहून मोठे असे सहा किंवा जास्त डाग, काखेत बारीक तीळ, अंगभर मऊ गाठी असं असेल तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा आनुवंशिक आजार असू शकतो. त्यात अशा गाठीचा कॅन्सर होण्याचा आयुष्यभराचा धोका साधारण ८ ते १३ टक्के असतो, आणि प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. मग मुलांनाही दाखवावं लागेल. डाग असोत नसोत, गाठ अचानक भराभर वाढली, रात्री झोपेतून उठवणारी कळ आली किंवा हातातून वस्तू पडायला लागल्या, तर डॉक्टरांनी दिलेल्या तारखेची वाट पाहू नका, लगेच दाखवा.

ओझ्याने गाठ झालेली नाही. हा दोष त्यांच्या कामाला देऊ नका आणि त्यांना मनाला लावूनही घेऊ देऊ नका. पण तयार झालेल्या गाठीवर घड टेकला तर नस दबते. ऑपरेशन होईपर्यंत त्या खांद्यावर काहीही घ्यायचं नाही. मुकादमाला सांगून कापणीचं किंवा मोजणीचं काम मागून घ्या.

आणि हात राहील का? सासूबाईंची भीती खोटी नाही, माझा अनुभव तुम्ही वाचलाच. पण ती भीती आंधळ्या हाताची आहे. नीट होणारं ऑपरेशन कसं असतं ते सांगतो. पूर्ण भूल देतात, पण स्नायू ढिले करणाऱ्या औषधाचा असर पुढे चालू ठेवत नाहीत. हात कपड्याखाली दडवत नाहीत, सगळ्यांना दिसेल असा ठेवतात. गळ्याच्या हाडाच्या वरच्या बाजूला आडवा छेद घेतात. वाटेत छातीच्या पडद्याला जाणारी फ्रेनिक नस लागते. तिला विजेची सुई टेकली की पडदा उचकी लागल्यासारखा हलतो, म्हणून ती ओळखून बाजूला ठेवता येते. मग मायक्रोस्कोपखाली गाठीच्या अंगावर तीच सुई जागोजागी टेकवत जायचं. कोपर हललं तर तिथे जिवंत धागे आहेत, तिथे कापायचं नाही. जिथे काहीच हलत नाही तिथे नसेच्या लांबीला धरून टरफल उघडायचं. आत जाणारा आणि बाहेर पडणारा एखादा निकामी धागा असतो, तेवढा तोडून दाणा बाहेर. त्या वेळी खोलीत कोणी बोलत नाही, सगळ्यांचे डोळे त्या हातावर असतात.

नंतर अंगठ्याला काही आठवडे मुंग्या येतात, थोडी अशक्तीही राहू शकते. बहुतेकांची ती भरून निघते. पण नस खरोखर तुटली तर ती दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते. मानेपासून अंगठ्यापर्यंत ७० सेंटिमीटर धरा आणि हिशेब करा, जवळजवळ दोन वर्षं. तोवर स्नायू वाट पाहत बसत नाही, सुकतो. म्हणून ही गाठ पहिल्याच वेळी जाणत्या हातात जायला हवी.

न्यूरोसर्जन किंवा ब्रेकियल प्लेक्ससचं काम करणारा प्लास्टिक सर्जन गाठा. धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवलंत तर ते पुढे पाठवतील. मुंबईत केईएम आणि जेजे आहेत, भुसावळहून थेट गाड्या आहेत. विचारताना लाजू नका : अशा किती गाठी काढल्या? मायक्रोस्कोप आणि नस तपासायचं यंत्र आहे का? नस जोडायची वेळ आली तर त्याच वेळी जोडाल का? गाठ मणक्याच्या भोकातून आत डमरूसारखी गेली आहे का, हेही एमआरआयवर बोट ठेवून दाखवायला सांगा, कारण तशी असेल तर ऑपरेशन वेगळं असतं. खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच भेटा. भरती झाल्यावर धावपळ वाढते.

काम? गाठ सुटून आली आणि जोर शाबूत राहिला तर ते पुन्हा बागेत जातील. घड खांद्यावर कधी घ्यायचा ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी हाताचा जोर तपासून सांगायचं, कॅलेंडर पाहून नाही.

प्रश्न : वडिलांच्या मानेतली गाठ काढली, रिपोर्टमध्ये ‘श्वानोमा, एस १०० पॉझिटिव्ह’ आहे. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कॅन्सर का? केमो घ्यावी लागेल का?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : नाही. एस १०० पॉझिटिव्ह म्हणजे गाठ नसेच्या आवरणातल्या पेशींची आहे याची खूण. श्वानोमा ही साधी गाठ आहे. केमो नको, शेक (रेडिएशन) नको. पूर्ण निघाली असेल तर परत येणं विरळाच. हाताचा त्रास उरला असेल तर फिजिओथेरपी मात्र आजच सुरू करा. आणि रिपोर्ट, एमआरआयच्या फिल्म एका पिशवीत घालून कपाटात ठेवा. पुढे कधी तिथे काही हाताला लागलंच, तर डॉक्टर आधी तीच पिशवी मागतील.