लग्नानंतरची पहिली आखाजी (खानदेशातली अक्षय्य तृतीया) आमच्या फ्लॅटवर आहे, खापराचे मांडे (मातीच्या खापरावर भाजायच्या मोठ्या पुरणपोळ्या) येत नाहीत. तव्यावरच्या पोळ्या चालतील का? मेनू काय ठेवू?

तुम्ही लिहिलंय की सासर पारोळ्याकडचं, राहता पुण्यात, यंदा बारा माणसं तुमच्याकडे जेवायला, आणि सासरच्या एक-दोघींनी आत्ताच टोमणा मारलाय की मांड्यांशिवाय कसली आखाजी.

चालतील तव्यावरच्या. बिनधास्त करा. मांडे विकत मिळत असतील तर विकत आणा, त्यातही काही पाप नाही. रशी, म्हणजे पुरणाच्या डाळीच्या कटाचा काळ्या मसाल्यातला रस्सा, मात्र घरी करा आणि पातेलं भरून करा. आखाजीचं जेवण रशीवर उभं असतं, मांड्यावर नाही. हे मत मी आमच्या घरात भांडून मांडलेलं आहे, म्हणून इथेही मांडते.

मला मांडे येत नाहीत म्हणून मी असं बोलते, असं कोणी समजू नये. माझं माहेर चोपडा तालुक्यातलं. लग्नाआधीच माझा हात मांड्यावर बसलेला होता. गहू ओलवून दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचं, कणीक सैल भिजवून तेला-पाण्याचा हात लावत इतकी तिंबायची की उचलली तर तार धरेल. दोन लहान पुऱ्यांमध्ये पुरणाचा गोळा, कडा दाबून घ्यायच्या, जरासं लाटायचं आणि मग पोळपाट सोडायचा. पुढचं सगळं हातावर. मांडा दोन्ही हातांवर झेलत फिरवत वाढवायचा, तो मनगटावरून कोपराकडे उतरायला लागतो, पुरण आतून दिसायला लागतं, आणि त्याच क्षणी तो उलट्या खापरावर पसरायचा. खाली पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाळ, कारण तो पसरून लागतो आणि पाहिजे तसा कमी-जास्त करता येतो. वैशाखातलं ऊन, पारा ४२-४३ अंशांवर, आणि चुलीपुढे दोघी-तिघी. एकीने करायचं हे कामच नव्हे. एक गोळे भरणार, एक हातावर वाढवणार, एक जाळ सांभाळणार. भाऊबंदकीतल्या बाया एकमेकींच्या घरी जायच्या तेव्हा ते निभायचं.

आता माझं घडलेलं सांगते. आमचे सासरे, आप्पा, पौषात गेले. बोरी नदीकाठच्या गावातलं घर बंद होतं, आम्ही धुळ्यात तिसऱ्या मजल्यावर. त्यांची पहिलीच आखाजी, म्हणजे त्यांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, पित्तर म्हणून एका गृहस्थाला जेवायला बसवायचं, आगारी टाकायची म्हणजे विस्तवावर घास वाहायचा, यातलं काही चुकवून चालणार नव्हतं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना चुलीपुढे बसवणं शक्य नाही. जाऊबाई त्या वर्षी बाळंतपणासाठी लेकीकडे. उरले मी एकटी. मी ठरवलं, पोळ्या गॅसवर, तव्यावर. बाकी पान पूर्ण. आमरस, रशी, कुरडया, बिबड्या (ज्वारीचे पापड), पापड, गिलक्याची (घोसाळ्याची) भजी, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी, सांजोऱ्या, वरण-भात. आंबा आप्पांच्या पानाआधी घरात कोणी चाखलेला नव्हता, पोरांनीसुद्धा नाही.

थोरल्या नणंदबाई सुरतेहून आल्या. आखाजी हा माहेरवाशिणींचा सण, त्यांनी यावं, झोका खेळावा, आराम करावा, याला माझी कधीच ना नव्हती. त्या साडेअकराला आल्या. पानं मांडलेली, पित्तर म्हणून बसायला आलेले गृहस्थ हात धुऊन पाटावर बसलेले. नणंदबाईंनी टोपलीवरचं फडकं उचललं, पोळ्या पाहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बापनी पहिली आखाजी, आनि तवानी पोई?"

मी पहाटे चारला उठलेली होते. डाळ शिजवून, पुरण वाटून, रशीचं वाटण करून, पोळ्या लाटून मी उभी होते आणि घरात कोणी एक शब्द बोललं नाही. आमचे हे आंब्याच्या कोयी काढत होते, ते कोयीच काढत राहिले.

बोलल्या त्या सासूबाई. भिंतीला टेकून बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "तुना बाप मांडा कधय खाये व? रशीमा पोई मोडे तो. रशी वाढ त्याले." म्हणजे, तुझा बाप मांडा कधी खायचा गं? रशीत पोळी मोडायचा तो. रशी वाढ त्याला.

आणि ते खरं होतं. आप्पा गोडाचे नव्हतेच. आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल फिरतं, जुना हिशेब मिटतो, नवी बोली होते. आप्पा त्या दिवशी सालदाराला शेजारी घेऊन जेवायला बसायचे आणि दोघांचीही पहिली हाक रशीसाठी असायची. वाटी नव्हे, कटोरा लागायचा. पुरण असलेली पोळी रशीत कुस्करून खाणं पुण्याच्या माणसाला विचित्र वाटेल, पण गोड नि तिखट एका घासात हीच आमच्याकडची चव आहे.

नणंदबाई त्या दिवशी जेवल्या, पण पोळी खाल्ली नाही. नुसता भात घेतला. अजूनही चार माणसं जमली की तो विषय निघतो. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. ज्याला पितरांसाठी खापराचेच मांडे हवेत त्याने आदल्या दिवशी यावं, कमरेला पदर खोचावा आणि कणीक तिंबायला बसावं. आयत्या वेळी फडकं उचलून बघणाऱ्याला परंपरेवर बोलायचा हक्क नाही. ओसरीवर पत्ते कुटत बसणाऱ्या पुरुषांना तर त्याहून नाही.

आता तुमची रशी. पुरणाची डाळ शिजवताना पाणी मोकळ्या हाताने घाला, कट भरपूर निघाला पाहिजे. कांदे अख्खे, सालासकट गॅसच्या जाळीवर ठेवा, वरून काळे ठिक्कर झाले पाहिजेत आणि आतून मऊ. सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून थेट आचेवर भाजा, कडेने तेल सुटून ती पेट घेते, फुंकर मारून विझवायची. तो जळका वास रशीत उतरलाच पाहिजे. खोबऱ्याचा कीस तव्यावर परतून केलेली रशी मला चालत नाही. लसूण, आलं, कोथिंबीर घालून गंधासारखं बारीक वाटा. तेलात हात आखडू नका. वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, मग काळा मसाला, तिखट, मग कट आणि पळीभर शिजलेली डाळ घोटून. उकळी आल्यावर बारीक आचेवर ठेवून द्या, वर लाल तवंग आला की झाली. काळा मसाला मात्र सासूबाईंकडूनच मागवा, पुण्यात पाकिटातला आणलात तर ती कटाची आमटी होईल, आमची रशी होणार नाही.

प्रमाणाचं म्हणाल तर बारा माणसांना किलोभर हरभरा डाळ आणि तेवढाच गूळ, पुरण थोडं उरेल. रस आणि भज्यांचा अंदाज तुम्हाला असेलच. कुरडया, बिबड्या सासरहून येतील, त्या चैत्रातच झालेल्या असतात, नुसतं कळवा. भाज्या दोन-तीन कशाला? गंगाफळाची एक पुरे. पनीर, गुलाबजाम, पुलाव यातलं काही घालू नका. पाहुण्यांपुढे पान भरलेलं दिसावं म्हणून हे पदार्थ हल्ली घुसायला लागलेत, आणि मग रशी वाटीच्या तळाशी राहते.

हे सगळं आखाजीपुरतं बोलतेय. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसवतात, तिच्या रोटांना ही मोकळीक लावू नका. तिथे घरातल्या पुरुषमाणसांच्या हिशेबाने गहू मोजून घेतात, ते रोट भाऊबंदांतच संपवायचे असतात आणि घराण्याची रीत मोडलेली कोणाला सहन होत नाही, मलाही नाही. चंपाषष्ठीला भरीत-रोडगा लागतो, तिथेही पर्याय नाही.

आणखी एक. पितरांच्या पानाला कांदा-लसूण चालतो की नाही हे घराघरावर आहे. आमच्याकडे पानासाठी वाटीभर रशी कांदा-लसणाशिवाय आधी काढून घेतात, मग घरची होते. तुमच्या सासूबाईंना फोन करून हे नक्की विचारा. त्यांच्याकडे खापर असेल आणि हात चालत असेल, तर एखाद्या सुट्टीत गावी जाऊन मांडे शिकूनही घ्या, येणं चांगलंच. फक्त त्यासाठी यंदाची आखाजी पणाला लावू नका.

पुरण आदल्या रात्री केलंत तर फ्रिजमध्येच ठेवा, त्या दिवसांत बाहेर एका रात्रीत आंबतं. आणि नणंदा येणार असतील तर त्यांना जेवायच्या वेळेचं आमंत्रण देऊ नका, सकाळी सातला बोलवा. खोबरं भाजायला आणि कांद्यांची काळी सालं काढायला हात लागतातच.