कबड्डीच्या मॅटवरून संशोधनाकडे निघालेल्या एका मुलीस

प्रिय मुली,

कबड्डीतल्या गुडघ्याच्या दुखापतीवर पीएच.डी. जरूर कर. २७व्या वर्षी उशीर झाला का, असं तू दोनदा विचारलं आहेस, म्हणून वयाचं आधी सांगून टाकते. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळवायला वयाची अट ३० वर्षांची आहे आणि महिलांना त्यात ५ वर्षांची सवलत आहे. जेआरएफ हुकली तरी दार बंद होत नाही. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जातात. त्यात ७० टक्के भार नेटचा आणि ३० टक्के मुलाखतीचा. शारीरिक शिक्षण हा नेटचा स्वतंत्र विषय आहे. एम.पी.एड.ला तुला ५५ टक्क्यांच्या वर गुण आहेत, म्हणजे पात्रतेचाही प्रश्न नाही.

पैशांचा प्रश्न मात्र खरा आहे. जेआरएफचे दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ ही वरची फेलोशिप झाल्यावर ४२,००० आणि वर घरभाडे भत्ता. लीगच्या करारापुढे हे कमी वाटेल, आणि घरी कुणीतरी ते बोलूनही दाखवेल. क्रीडा कोट्यातली नोकरी एवढ्यात सोडू नकोस. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे, त्यासाठी कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. नोकरी आणि फेलोशिप दोन्ही एकदम घेता येणार नाहीत, तेव्हा हा हिशोब प्रवेशाआधी घरच्यांसोबत बसून कर. मुदत साधारण ६ वर्षांची असते, महिलांना त्यात आणखी २ वर्षं वाढवून मिळू शकतात आणि प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजाही आहे. लग्नाचं विचारणाऱ्या मावशीला हे सांगता येईल.

आता मुद्द्याचं. तू लिहिलं आहेस, "मॅडम, एसीएल या गुडघ्यातल्या लिगामेंटबद्दल मला सगळं माहीत आहे, ते फक्त सिद्ध करायचं आहे." या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले.

तुझ्या म्हणण्यानुसार डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूने घोटा धरला, तू मध्यरेषेकडे झेप घेताना वळलीस आणि गुडघा गेला. मूळ कारण म्हणजे सामन्यांमधली अपुरी विश्रांती. तुझं म्हणणं खरं असू शकेल. पण हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या दुखापतींचे व्हिडिओ संशोधकांनी एकेक फ्रेम थांबवून तपासले, तेव्हा पाय जमिनीला टेकल्यावर साधारण ४० मिलिसेकंदांत लिगामेंट तुटत असल्याचं दिसलं. जाणूनबुजून हालचाल करायला माणसाला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे खेळाडूला काही कळायच्या आत सगळं होऊन गेलेलं असतं, आणि "मी वळले आणि मग गुडघा गेला" हा क्रम मनाने नंतर जुळवलेला असू शकतो. तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. ज्या शरीरात ती घटना घडली, त्या शरीरालासुद्धा ती पूर्ण दिसलेली नसते, एवढंच मला म्हणायचं आहे.

मला यातच तुझा विषय दिसतो. फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये मुलींचा एसीएल मुलांपेक्षा दुपटीहून अधिक प्रमाणात तुटतो आणि त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. पण त्या खेळांत कुणी घोटा धरून मागे खेचत नाही. कबड्डीत चढाई करणारीचा गुडघा जातो तेव्हा पकड आधी बसलेली असते, की दिशा बदलताना पाय टेकतो तिथेच काम झालेलं असतं? या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते शोधता येतं. टीव्हीवरच्या सामन्यांत एकेक चढाई अनेक कॅमेऱ्यांतून दिसते. ३० सेकंदांच्या चढाईत बोनसरेषेवर कोणता पाय कसा पडला, कोपऱ्यातली कधी पुढे सरकली, बचाव करणाऱ्यांची साखळी कुठे तुटली, हे तुला एका नजरेत दिसतं. मला तेच पाहायला दहा वेळा मागे जावं लागेल. तुझी ही नजर प्रयोगशाळेत विकत मिळत नाही. 'अपुरी विश्रांती कारणीभूत' हे मात्र व्हिडिओवरून ठरणार नाही, त्याला मोसमभराच्या नोंदी लागतील. ते पुढचं काम म्हणून बाजूला ठेव.

पण नोंदी तू एकटीने करायच्या नाहीत. त्याच चढाया कबड्डी न खेळलेल्या आणखी कुणाला तरी स्वतंत्रपणे पाहायला दे, दोघींची नोंद किती जुळते ते कॅप्पा, म्हणजे जुळणी मोजणारा संख्याशास्त्रातला आकडा, काढून मोज. जिथे जुळत नाही तिथे "तिला खेळ कळत नाही" असं म्हणण्याचा मोह होईल. आधी तुझी व्याख्या तपास. 'पकड बसली' म्हणजे नेमकं काय, बोटं लागली की पाय थांबला, हे कागदावर उतरवण्यात महिना गेला तरी जाऊ दे.

१९२२ चं नोबेल मिळालेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल हौशी धावपटू होते. मँचेस्टरला गवताच्या लहानशा ट्रॅकवर ते पाठीला पिशवी बांधून धावत, स्वतःचा उच्छ्वास तिच्यात गोळा करत आणि किती ऑक्सिजन खर्च झाला ते मोजत. आपल्याला किती दम लागतो हे त्यांना धावताना कळतच होतं, तरी त्यांनी पिशवी बांधली. ती पिशवी मला फार महत्त्वाची वाटते.

दुसरं, तुझ्या मैत्रिणींबद्दल. संघातल्या मुली तुला ताई म्हणतात आणि गुडघा दुखत असल्याचं फिजिओआधी तुला सांगतात, कारण फिजिओला सांगितलं तर निवड हुकेल अशी भीती असते. गप्पांत कळलेली अशी एकही गोष्ट तुझ्या वहीत येता कामा नये. संशोधनासाठी विचारायचं तर नीतिमत्ता समितीची मंजुरी हवी, लेखी संमती हवी आणि नकार देण्याची खरीखुरी मोकळीक हवी. तुला नकार देणं त्यांना जड जाईल. म्हणून संमती दुसऱ्या कुणाला तरी घेऊ दे आणि कोण नाही म्हणाली हे तुला कळणारच नाही असं बघ. यात नमुना लहान झाला तरी चालेल. प्रशिक्षकाने "मुलींना मी सांगतो, सगळ्या येतील" म्हटलं, तर हात जोडून नको म्हण.

मार्गदर्शक निवडताना नाव पाहू नकोस, त्यांच्या विद्यार्थ्यांना भेट. किती जणांचं काम पूर्ण झालं, मसुदा किती दिवसांत वाचून परत येतो, शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं, हे कँटीनमध्ये चहा पिताना समजतं. पुण्यात तू एका विभागापुरती बांधलेली नाहीस. बालेवाडीला खेळाडू आहेत, गणेशखिंडीला विद्यापीठ आहे, गुलटेकडीला शारीरिक शिक्षणाचं आगाशे महाविद्यालय आहे. जैवयांत्रिकी समजणारा सहमार्गदर्शक अभियांत्रिकीतून मिळत असेल तर जरूर घे.

संख्याशास्त्र आत्तापासून सुरू कर. पहिल्या सहामाहीत तेविशीतली मुलं तुझ्या पुढे असतील आणि तुला ते झोंबेल. मैदानावर प्रत्येक चढाईनंतर फलक सांगतो की तू कुठे आहेस. इथे सहा-सहा महिने कुणी काही सांगत नाही आणि मग परीक्षकाचं दोन पानी पत्र येतं. त्या शांततेत चांगले खेळाडू खचलेले मी पाहिले आहेत. दर पंधरवड्याला कुणाला तरी दोन पानं वाचून दाखवायची असं ठरवून टाक, मीही ऐकेन. आणि खेळणं पूर्ण थांबवू नकोस. गुडघा परवानगी देईल तेवढं संध्याकाळी मंडळाच्या मैदानावर जात जा.

जॉन अर्शेलची गोष्ट तुला कुणीतरी पाठवेलच. बाल्टिमोरच्या संघाकडून अमेरिकन फुटबॉल खेळता खेळता त्याने अमेरिकेतल्या एमआयटीत गणिताची पीएच.डी. सुरू केली, २०१७ मध्ये खेळ सोडला आणि २०२१ मध्ये पदवी घेतली. जरूर वाच, पण स्वतःला त्याच्या शेजारी उभी करू नकोस. व्यावसायिक खेळात येण्याआधीच त्याचे शोधनिबंध छापून आले होते. तू आज सुरुवात करते आहेस.

सध्या एवढंच कर. एक पान लिही. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, दुसऱ्यात तुला काय दिसेल असं वाटतं ते आणि तिसऱ्यात काय दिसलं तर माझं म्हणणं चुकलं असं मी मानेन, ते. तिसरा परिच्छेद जमला नाही तर कोरा ठेव, आपण दोघी बसून लिहू. बुधवारी तीननंतर मला तास नसतो. ते पान आणि चार-पाच चढायांचे व्हिडिओ घेऊन विभागात ये.

तुझी,
मॅडम