माफी मागायला आलेला भाऊ नळ दुरुस्त करतो

तुमच्या बहीण-भावाच्या पटकथेचा मसुदा वाचला. संवाद ओघवते आहेत, पण बहीण-भाऊ एकमेकांना सगळं सांगूनच टाकतात. "तू मला कधीच समजून घेतलं नाहीस" हे पहिल्याच प्रसंगात आलं, तर पुढच्या १०० पानांत प्रेक्षकाने शोधायचं काय?

प्रत्येकाला दुसऱ्याकडून नेमकं काय हवंय आणि ते मागायला जीभ का अडते, हे वहीत लिहून काढा. पटकथेत नको. समजा, भावाला माफी मागायचीय. तो येतो आणि गळका नळ दुरुस्त करत बसतो. बहीण म्हणते, "राहू दे, मी बोलावलंय माणसाला." झालं की भांडण! माफीचा विषयही निघाला नाही. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण १ मिनिट. तेवढ्यात हातातला पाना आणि अर्धवट सोडलेलं वाक्य लांबलचक संवादापेक्षा जास्त सांगून जातं.

प्रसंगाच्या सुरुवातीला कुणाचं पारडं जड होतं आणि शेवटी कुणाचं, हेही बघा. काहीच हललं नसेल तर प्रसंग काढा. (मी माझे लाडके कित्येक काढलेत, कुरकुरत.)

पात्रांचा भलामोठा पूर्वेतिहास नको. एकच जुनी घटना घ्या, दोघांना वेगवेगळी आठवणारी. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटायला हवेत. सध्या तुम्ही उघडपणे बहिणीच्या बाजूने आहात, म्हणून भाऊ खलनायक झालाय.

आणि हो, नावं झाकून संवाद मोठ्याने वाचा. पान बाराच्या आसपास मला कोण बोलतंय तेच कळेना.